ट्यूरिंग शिकवायचे तर पुरते शिकवा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शिक्षणाच्या आधीच्याच टप्प्यावर मुलांना संगणकाच्या आज्ञा लिहिण्याची ओळख करून द्यावी असे म्हटले, आणि तेव्हापासून पालकांच्या मनात व शाळाचालकांच्या जाहिरातींत या विषयाला मोठे स्थान मिळाले. मुलगा लवकर संगणक शिकला तर लवकर नोकरीला लागेल, हा त्यामागचा साधा हिशोब आहे. गरिबाघरच्या आईबापांनी असा हिशोब केला तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु विद्या आणि कसब यांत फरक असतो. हे शास्त्र कोणी घडविले, कशासाठी घडविले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे न सांगता केवळ आज्ञा पाठ करून घेणे म्हणजे मुलांना चाकर म्हणून तयार करणे होय. म्हणून हायस्कुलातील विद्यार्थ्यांना ॲलन ट्यूरिंग यांचे चरित्र व कार्य शिकविले जावे, असे या लेखाचे म्हणणे आहे. मात्र हे शिक्षण अर्धवट असता कामा नये, कारण अर्धवट ट्यूरिंग आज पुष्कळ ठिकाणी मिळतात.

हा अर्धवटपणा कसा असतो याचे एक उदाहरण पाहू. ट्यूरिंग यांच्या बालपणाची एक हकीकत मुलांना आवडीने सांगितली जाते. १९२६ च्या मे महिन्यात शेरबर्न येथील निवासी शाळेत दाखल होण्यासाठी हा तेरा वर्षांचा मुलगा फ्रान्सहून बोटीने साउथॅम्प्टन बंदरात उतरला. आगगाड्या बंद होत्या. त्याने सायकल काढली, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली आणि सुमारे साठ मैलांचा प्रवास करून तो शाळेत हजर झाला. तात्पर्य असे की, जिद्द असावी तर अशी! परंतु आगगाड्या का बंद होत्या? इंग्लंडातील खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवू पाहिले, त्याला नकार देणाऱ्या दहा लाखांहून अधिक खाणकामगारांवर टाळेबंदी लादली आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी रेल्वे, गोदी, छापखाने, वाहतूक अशा धंद्यांतील कामगारांनी ३ मे ते १२ मे असा सार्वत्रिक संप पुकारला. ब्रिटिश कामगार चळवळीतला तो एकमेव सार्वत्रिक संप. मुलाची सायकल लक्षात राहते आणि लक्षावधी माणसांचा संप ‘आगगाड्या बंद होत्या’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतो. इतिहास अशाच रीतीने गाळला जातो. शिक्षकाने या प्रसंगावर दहा मिनिटे थांबून दोन्ही बाजू सांगितल्या, तर मुले एका व्यक्तीचे चरित्र शिकता शिकता एक काळ शिकतील.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना विशेष जवळची वाटेल. ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण त्या घराचा संसार हिंदुस्थानावर चालत होता. वडील ज्यूलियस ट्यूरिंग मद्रास इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी होते. आईचे वडील मद्रासकडील रेल्वेचे मुख्य अभियंता होते. आईबाप हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, असे त्यांचे बालपण गेले. सनदी अधिकाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन येथल्या तिजोरीतून, म्हणजे येथल्या रयतेच्या साऱ्यातून दिले जात. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा जो हिशोब मांडला, त्यात ही बाब ठळकपणे होती. संगणकशास्त्राच्या एका प्रवर्तकाच्या शालेय शिक्षणाची फी अशा पैशातून भरली गेली, हे सांगण्यात ट्यूरिंग यांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्ञानाची मुळे कोणत्या जमिनीतले पाणी पितात, एवढेच मुलांना कळावे.

आता मूळ विषयाकडे येऊ. ट्यूरिंग यांचे खरे मोठेपण त्यांच्या १९३६ च्या निबंधात आहे. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द यंत्राला लावीत नसत. कचेरीत, वेधशाळेत किंवा विमा कंपनीत बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला तो लावीत, आणि ती माणसे पुष्कळदा स्त्रिया असत. ट्यूरिंग यांनी हा हिशोबनीस डोळ्यांसमोर ठेवला आणि विचारले की, तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो तेव्हा नेमके काय करतो? एका वेळी एक चौकोन पाहतो, त्यातले चिन्ह वाचतो, हवे तर ते पुसून दुसरे लिहितो, शेजारच्या चौकोनाकडे सरकतो, आणि आता पुढे काय करायचे एवढे ध्यानात ठेवतो. याखेरीज त्याच्या कामात काही नाही. मग एवढे सर्व करणारे एक काल्पनिक यंत्र का असू नये? आजच्या प्रत्येक संगणकाच्या मुळाशी असलेली कल्पना ही अशी एका कारकुनाच्या श्रमाचे बारकाईने निरीक्षण करून निघाली आहे.

ही कल्पना शिकविण्यास संगणक लागत नाही, वीजही लागत नाही. शाळेच्या अंगणात खडूने वीस चौकोन एका ओळीत आखावेत. डावीकडून तीन चौकोनांत एकेक उभी रेघ काढावी, चौथा मोकळा ठेवावा, पुढच्या दोनांत पुन्हा एकेक रेघ काढावी. एका विद्यार्थ्याला पहिल्या चौकोनावर उभे करून त्याच्या हाती तीन नियमांचा कागद द्यावा. पहिला नियम असा: रेघ दिसेल तोवर उजवीकडे सरक, मोकळा चौकोन आला की त्यात रेघ काढ, आणखी एक पाऊल उजवीकडे सरक आणि दुसरा नियम धर. दुसरा: रेघ दिसेल तोवर उजवीकडे सरक, मोकळा चौकोन आला की एक पाऊल मागे ये आणि तिसरा नियम धर. तिसरा: पायाखालची रेघ पूस आणि थांब. खेळ संपला की अंगणात सलग पाच रेघा दिसतात. तीन आणि दोन यांची बेरीज झाली आणि ती करणाऱ्याला बेरीज येण्याची गरज पडली नाही! आठवी-नववीच्या वर्गाला यातला आनंद पुरेपूर कळतो. पुढची पायरी म्हणजे नियमांचा कागदच चिन्हांच्या भाषेत त्याच चौकोनांत लिहून ठेवायचा. मग एकच यंत्र, त्याला जो कागद द्याल त्याप्रमाणे, कोणत्याही अशा यंत्राचे काम करू शकते. यालाच ट्यूरिंग यांनी सर्वसमावेशक यंत्र म्हटले.

परंतु १९३६ चा हा निबंध यंत्राची थोरवी गाण्यासाठी लिहिलेला नव्हता. गणितातील कोणत्याही विधानाचा निर्णय यांत्रिक रीतीने करता येईल काय, हा जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचा प्रश्न होता, आणि ट्यूरिंग यांचे उत्तर नकारार्थी होते. अमेरिकेत अलोंझो चर्च यांनी वेगळ्या वाटेने त्याच वर्षी तेच उत्तर दिले. दिलेला नियमसंच पुढे कसा वागेल, हे प्रत्येक बाबतीत आधीच सांगू शकेल अशी एक सर्वसाधारण यांत्रिक रीत असूच शकत नाही, असे ट्यूरिंग यांनी सिद्ध केले. म्हणजे संगणकशास्त्राच्या आरंभीच संगणकाच्या मर्यादेचा सिद्धान्त उभा आहे. आज यंत्रबुद्धीचे देव्हारे मांडले जात आहेत, आणि ‘यंत्राने सांगितले’ हे कामगारकपातीपासून शिधापत्रिका रद्द करण्यापर्यंत कशाचेही समर्थन होऊ पाहत आहे. अशा दिवसांत हा एक सिद्धान्त नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही शोभून दिसेल.

यंत्र आणि नोकरी यांचा संबंधही ट्यूरिंग यांच्या नजरेतून सुटला नव्हता. २० फेब्रुवारी १९४७ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी संगणकाभोवती काम करणाऱ्यांचे मालक आणि चाकर असे दोन वर्ग कल्पिले होते. आज्ञा रचणारे ते मालक, आणि यंत्राला हवे-नको पाहणारे ते चाकर. चाकरांची कामे यंत्र घेत जाईल हे त्यांनी सांगितलेच, पण पुढे असेही सांगितले की, ज्या कामाची रीत एकदा ठरून जाते ते काम यंत्राकडे सोपविता येते, म्हणून मालकांचीही पाळी येईल. मग हे मालक आपल्या विद्येभोवती गूढतेचे वलय उभे करतील आणि भारदस्त पण निरर्थक शब्दांची सबब पुढे करतील, असा चिमटा त्यांनी काढला होता. तज्ज्ञांच्या मक्तेदारीवर एका तज्ज्ञाने केलेली इतकी प्रांजळ टीका आपल्या अभ्यासमंडळांत वाचली जावयास हवी.

दुसरा अर्धवटपणा युद्धकाळातील कामाविषयी आहे. ब्लेचली पार्क येथे एका एकाकी बुद्धिमंताने जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गूढलिपी फोडली आणि युद्ध जिंकले, अशी कथा प्रचलित आहे. ट्यूरिंग यांचा वाटा फार मोठा होता, विशेषतः जर्मन नौदलाच्या संदेशांच्या बाबतीत. पण कथा एकट्याची नाही. मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीस एनिग्माची अंतर्गत रचना गणिताने उलगडली होती. त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेले काम पोलंडने जुलै १९३९ मध्ये, स्वतःवर आक्रमण होण्याच्या काही आठवडे आधी, ब्रिटिश व फ्रेंचांच्या स्वाधीन केले. त्या पायावर ट्यूरिंग यांनी आपल्या ‘बाँब’ यंत्राची कल्पना रचली, गॉर्डन वेल्चमन यांनी तीत महत्त्वाची सुधारणा केली, आणि लेचवर्थच्या कारखान्यातील कामगारांनी ती यंत्रे बांधली. ती रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालविणाऱ्या बहुतेक नौदलातील तरुणी होत्या. युद्धाच्या अखेरीस ब्लेचली पार्कच्या कामात नऊ-दहा हजार माणसे होती आणि त्यांत तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. २१ ऑक्टोबर १९४१ रोजी ट्यूरिंग व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी वरिष्ठांना डावलून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी मागितले काय? कारकून, टंकलेखक, यंत्रांवर काम करणारे हात! माणसे कमी असल्यामुळे काम अडले आहे, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. प्रतिभेला हातांची गरज असते, हे स्वतः प्रतिभावंतांनी लिहून दिले आहे.

या हातांचे पुढे काय झाले तेही सांगावे. जोन क्लार्क यांनी केंब्रिजमध्ये गणितात पहिल्या वर्गाचे यश मिळविले होते, पण स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास ते विद्यापीठ १९४८ पर्यंत तयार नव्हते. ब्लेचली पार्कमध्ये पुरुषांच्या बरोबरीचे काम करूनही पगार कमी. तो वाढविण्यासाठी त्यांना भाषातज्ज्ञाची श्रेणी द्यावी लागली, आणि परकी भाषा तर त्यांना एकही येत नव्हती! टॉमी फ्लॉवर्स हे पूर्व लंडनमधील एका गवंड्याचे चिरंजीव, टपाल खात्यातील अभियंता. जर्मनांच्या लोरेंझ गूढलिपीवर चालणारे ‘कोलोसस’ हे सुमारे १,६०० व्हॉल्व्हचे इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यांनी बांधले आणि १९४४ च्या आरंभी ते कामाला लागले. हे यंत्र पुष्कळदा ट्यूरिंग यांच्या नावावर खपविले जाते. ते चूक आहे. युद्ध संपल्यावर फ्लॉवर्स यांना एक हजार पौंडांचे बक्षीस मिळाले, आणि पदरची त्याहून जास्त रक्कम त्यांनी त्या यंत्रावर खर्च केली होती. यंत्राचे आराखडे जाळून टाकण्याचा हुकूम त्यांना पाळावा लागला. पुढे तशा यंत्रासाठी कर्ज मागावयास गेले, तेव्हा असे यंत्र चालणारच नाही म्हणून त्यांना नकार मिळाला. आपण ते आधीच चालविले आहे, हे गुप्ततेच्या कायद्यामुळे त्यांना तोंडाने उच्चारता आले नाही.

आता तिसरी आणि सर्वांत अवघड बाजू. जानेवारी १९५२ मध्ये ट्यूरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत वर्दी दिली. चौकशीत एका एकोणीस वर्षांच्या बेकार तरुणाशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले आणि फिर्यादीच आरोपी झाला. १८८५ च्या एका कलमाखाली ३१ मार्च १९५२ रोजी त्यांना दोषी ठरविण्यात आले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर संप्रेरकांचा औषधोपचार पत्करावा लागला आणि सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजे त्यांना बंद झाले. ७ जून १९५४ रोजी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निर्णय देण्यात आला. आईने तो मानला नाही, तिच्या मते तो अपघात होता. शिक्षकाने हे दोन्ही सांगावे. उशाशी सापडलेल्या सफरचंदावर ज्या दंतकथा रचल्या गेल्या त्या मात्र वगळाव्यात, कारण त्या सफरचंदाची तपासणी कधी झालीच नाही.

हायस्कुलातील मुलांना हे सांगावे काय, असा प्रश्न आपल्यातले पुष्कळ शिक्षक करतील. तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर इंग्लंडच्या अनुभवात आहे. ब्लेचली पार्कचे गुपित १९७४ पर्यंत राखले गेल्यामुळे तोवर तेथील शिक्षकांना ट्यूरिंग यांचे युद्धकार्य माहीतच नव्हते. ॲण्ड्र्यू हॉजेस यांनी लिहिलेले सविस्तर चरित्र १९८३ मध्ये आले, आणि पाचच वर्षांत, १९८८ मध्ये, स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन देऊ नये असा कायदा झाला. तो इंग्लंडात २००३ पर्यंत टिकला. त्या भीतीने शिक्षकांच्या जिभेला जे कुलूप बसले, त्यामुळे कोणाचे शील राखले गेले? वर्गातल्या ज्या मुलामुलींना आपण इतरांसारखे नाही असे आतून जाणवत होते, तेवढी मात्र एकटी पडली. अशी मुले आपल्याही वर्गांत आहेत. त्यांच्या वाट्याला चेष्टा येते, मारही येतो. पंधरा वर्षांच्या मुलाला चोरी, खटला आणि शिक्षा या शब्दांचा अर्थ कळतो. त्याला अन्यायही कळतो. याहून अधिक तपशिलाची वर्गात गरज नाही.

शिवाय हा कायदा आपल्याला परका नाही. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती संमत झाली, आणि तिच्यातले ३७७ वे कलम त्याच राज्यकर्त्यांनी येथे रुजविले. २४ डिसेंबर २०१३ रोजी ब्रिटनच्या राणीने ट्यूरिंग यांना मरणोत्तर माफी दिली. त्याच्या बरोबर तेरा दिवस आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय फिरवून ते कलम कायम ठेवले होते. कलम रुजविणारे त्याबद्दल खंत करीत होते, आणि ज्यांच्यावर ते लादले गेले ते त्याला कवटाळून बसले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, तेव्हा कोठे ती बेडी गळाली. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच इतिहासजमा झाली.

येथे मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा, आणि माझ्या मते या साऱ्या पाठाचे सार त्यातच आहे. २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ट्यूरिंग यांची सरकारतर्फे क्षमा मागितली, २०१३ मध्ये त्यांना माफी मिळाली, २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या इतर हजारो माणसांना माफीसाठी २०१७ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. त्यांत कोणी हमाल होता, कोणी शिपाई, कोणी कारकून. त्यांनी गूढलिपी फोडली नव्हती आणि युद्धही जिंकून दिले नव्हते. मग त्यांच्यावर झालेला अन्याय कमी प्रतीचा होता काय? ‘एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला असे वागविले!’ हा उद्गार स्वाभाविक आहे, पण त्यात एक विषारी गृहीत लपलेले आहे: लहान माणसाला तसे वागविले असते तर चालले असते. न्याय हे गुणवत्तेचे बक्षीस नव्हे. माणूस म्हणून जो हक्क मिळावयाचा तो बुद्धीच्या मापाने वाटू लागलो, तर आपण नवी वर्णव्यवस्था उभी करू. गुणवत्तेच्या नावाखाली आपल्या देशात काय काय चालते ते वाचकांना सांगावयास नको.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, शाळेत छप्पर नाही, शिक्षक नाही, आणि तुम्ही हे काय काढले? छपराचा आणि शिक्षकांच्या भरतीचा लढा सोडा असे कोणी म्हणत नाही. तो लढा चालू असतानाच वर्गात काय शिकविले जाते, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर छप्पर आपण मिळवून देऊ आणि त्याखालचा विचार दुसराच कोणी पुरवील.

म्हणून थोडे ठोस सांगतो. २३ जूनच्या सुमारास राज्याच्या बहुतेक भागांत शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. आपल्या तालुक्यातील दोन-तीन हायस्कुलांच्या गणित, इतिहास व नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना भेटावे आणि तीन तासांचा पाठ मिळून आखावा. पहिला तास अंगणातल्या चौकोनांचा, दुसरा ब्लेचली पार्कच्या माणसांचा, तिसरा कायद्याचा. सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या शाळेत संगणक-कक्षाला कुलूप आहे किंवा कक्षच नाही, तेथून आरंभ करावा. खडू सर्व शाळांत असतो.